मदत मागायची, पण बातमी घरी जाऊ द्यायची नाही : एलजीबीटीक्यू विद्यार्थ्यांसाठी कॉलेजातले मार्ग

दरवर्षी जूनमध्ये अनेक महाविद्यालयांच्या इन्स्टाग्राम पानांवर इंद्रधनुष्य चढतं. चढू दे, त्यानं कुणाचं वाईट होत नाही. पण एखाद्या समलिंगी मुलानं किंवा ट्रान्स मुलीनं ऑफिसच्या खिडकीपाशी जाऊन 'माझी तक्रार कुठे द्यायची?' असं विचारलं, तर त्या खिडकीतल्या माणसाला उत्तर माहीत असतं का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बहुतेक ठिकाणी नसतं. आणि माहीत असलं तरी पुढचा प्रश्न उरतोच : हे घरी कळेल का?

महाराष्ट्रातला विद्यार्थी सहसा आईवडिलांच्या घरात राहून शिकतो, नाहीतर तालुक्याहून शहरातल्या हॉस्टेलवर येतो. फी घरून येते, आधारला जोडलेला मोबाइल नंबर बापाचा असतो, बँकेचे मेसेज आईच्या फोनवर जातात. त्यामुळे मदत मिळेपर्यंत बातमी गावी पोहोचली, तर त्या मदतीचा काही उपयोग नसतो. म्हणून खालचा प्रत्येक मार्ग सांगताना त्यात माहिती किती जणांच्या हातातून जाते, तेही सांगतो आहे. मार्ग निवडताना हा हिशेब आधी करा.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. अठरा वर्षं पूर्ण झालेला विद्यार्थी सज्ञान आहे. त्याचा लैंगिक कल किंवा लिंगभाव पालकांना कळवा, असं कुठलाही कायदा महाविद्यालयाला सांगत नाही. मेंटॉर, वॉर्डन किंवा विभागप्रमुख 'तुझ्या भल्यासाठीच' म्हणून घरी फोन लावतात तेव्हा ती त्यांची स्वतःची हौस असते, नियम नव्हे.

बातमी कुठून फुटते

मुद्दाम कुणी चहाडी केली म्हणून बातमी फुटली, असं फार थोड्या वेळा होतं. बहुतेकदा ती कागदातून फुटते. मेंटॉर-मेंटी योजनेत प्रत्येक प्राध्यापकाकडे वीस-पंचवीस विद्यार्थ्यांची वही असते. त्यात 'वैयक्तिक अडचणी' असा रकाना असतो आणि पालकसभेच्या दिवशी ती वही टेबलावर उघडी असते. त्या रकान्यात काही लिहू देऊ नका. मेंटॉर चांगला असेल तर तोंडी बोला, आणि बोलण्याआधी 'हे वहीत येणार नाही ना?' असं सरळ विचारा. विचारल्यावर समोरचा अवघडला तर तिथेच थांबा.

हॉस्टेलात रेक्टरकडे स्थानिक पालकाचा नंबर असतो. रात्रीची हजेरी चुकली की पहिला फोन त्याला जातो. हा स्थानिक पालक म्हणजे बहुतेकदा काका नाहीतर मामा. हॉस्टेलचा अर्ज भरताना इथे विश्वासाचा माणूस टाकता आला तर पुढचे बरेच प्रसंग टळतात. नंतर बदलायचं म्हटलं की पालकांची सही मागतात, म्हणून ही काळजी प्रवेशाच्या वेळीच घ्यायची.

तिसरी जागा म्हणजे आवक-जावक विभाग. कुठलाही अर्ज दिला की त्यावर आवक क्रमांक पडतो, विषय रजिस्टरमध्ये लिहिला जातो आणि ते रजिस्टर दिवसभर काउंटरवर असतं. यावर साधा उपाय आहे. तक्रार बंद पाकिटात घाला, पाकिटावर 'गोपनीय, अध्यक्ष, अंतर्गत तक्रार समिती' असं लिहा आणि सोबत एका ओळीचं वेगळं पत्र जोडा : 'सोबत बंद पाकीट सादर करीत आहे.' शिक्का आणि क्रमांक त्या पत्राच्या तुमच्याकडच्या प्रतीवर घ्या. पोच मिळते आणि विषय कारकुनाच्या नजरेला पडत नाही. पोचेशिवाय कागद देऊ नका. दोन महिन्यांनी 'असा अर्ज आलाच नव्हता' हे वाक्य हमखास ऐकू येतं.

समुपदेशकाकडे जाण्याआधी

कॉलेजचा समुपदेशक आठवड्यातून दोन दिवस येतो आणि त्याची खोली बहुधा ऑफिसला लागून असते, हे गृहीत धरा. पहिल्या भेटीत स्वतःबद्दल काही सांगण्याआधी तीन गोष्टी विचारा. नोंदी कुठे ठेवता आणि कोण वाचू शकतं? कुठल्या परिस्थितीत गोपनीयता मोडता? समलिंगी विद्यार्थ्यांसोबत आधी काम केलं आहे का? पहिल्याला 'प्राचार्यांना मासिक अहवाल देतो' असं उत्तर आलं, तर त्या अहवालात नाव जातं की फक्त संख्या, हेही विचारून घ्या. नाव जात असेल तर बाहेरची मदत शोधा.

जिवाला धोका असेल तर समुपदेशक गोपनीयता मोडणार आणि ते योग्यच आहे. पण कनिष्ठ महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीच्या शरीरसंबंधांची माहिती कळली तर मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. दोघंही सतरा वर्षांचे आणि दोघांचीही राजीखुशी असली तरी समुपदेशकाला त्यातून सूट नाही. अकरावी-बारावीतल्या मुलानं आपल्या मनाबद्दल, घुसमटीबद्दल, घरच्या दडपणाबद्दल मोकळेपणानं बोलावं. पण ही मर्यादा त्याला बोलण्याआधी माहीत असावी. खरं तर ती समुपदेशकानंच आधी सांगायची असते. सगळे सांगत नाहीत.

'यावर उपचार आहेत' म्हणणारा डॉक्टर भेटला तर तिथून उठा. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनं २०१८ मध्ये समलैंगिकता हा आजार नसल्याचं जाहीर केलं. मद्रास उच्च न्यायालयात २०२१ पासून चाललेल्या, एका समलिंगी जोडप्याच्या एस. सुषमा प्रकरणानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये कल बदलण्याचे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. त्यामुळे असा उपचार करणाऱ्या डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. त्यासाठी प्रिस्क्रिप्शन आणि फीची पावती जपून ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क कलम २३ मध्ये दिला आहे आणि लैंगिक कलावरून भेदभाव करायचा नाही हे कलम १८ मध्ये म्हटलं आहे. ही दोन कलमं पाठ असलेली बरी.

फोनवरून बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा ९१५२९८७८२१ या क्रमांकावर आहे. तिथले समुपदेशक या विषयात जास्त मुरलेले वाटतात, हे माझं मत. पुण्यात समपथिक ट्रस्ट, मुंबईत १९९४ पासून काम करणारा हमसफर ट्रस्ट आणि नागपुरात सारथी ट्रस्ट आहे. लहान शहरातल्या विद्यार्थ्यानं आपल्या गावात असं काही नाही म्हणून थांबू नये. पहिली भेट फोनवर होऊ शकते.

तक्रार कुठल्या दारात न्यायची

दारं तीन आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की तक्रार हमखास लोंबकळते.

चिडवणं, वाळीत टाकणं, नक्कल करणं, खोलीतून सामान बाहेर फेकणं हे सगळं रॅगिंगमध्ये मोडतं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी नियम २००९ चे. २०१६ च्या दुरुस्तीनं त्यांत लैंगिक कल आणि पारलिंगी असण्यावरून होणारा शारीरिक वा मानसिक छळ स्पष्ट शब्दांत आणला. ही दुरुस्ती 'नवा असो वा जुना' अशा दोन्ही विद्यार्थ्यांना लागू आहे, त्यामुळे 'तू तर तिसऱ्या वर्षाला, तुझं कसलं रॅगिंग' हे उत्तर चालत नाही. महाराष्ट्रात त्याशिवाय १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड आणि दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला पाच वर्षं दुसरीकडे प्रवेशबंदी आहे. तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करणं हे संस्थाप्रमुखाचं काम. गोव्यात हा १९९९ चा कायदा लागत नाही, आयोगाचे नियम मात्र तिथेही तेच.

आता माहितीचा हिशेब. रॅगिंगविरोधी समितीत नियमानुसार पोलीस आणि प्रशासनाचे प्रतिनिधी असतात, स्थानिक माध्यमांचा माणूस असतो आणि पालकांचे प्रतिनिधीही असतात. म्हणजे गावच्या दैनिकाचा वार्ताहर आणि कुणाचे तरी वडील त्या टेबलाशी बसलेले. एवढ्या लोकांसमोर विषय न्यायचा नसेल तर आधी रॅगिंगविरोधी पथकाकडे जा. ते महाविद्यालयाच्या आतलं असतं आणि जागेवर जाऊन चौकशी करतं. किंवा १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय क्रमांकावर नाव गुप्त ठेवायला सांगून तक्रार नोंदवा. मित्रानं फोन केला तरी चालतं. तक्रार क्रमांक मात्र लिहून घ्या, पुढचा सगळा पाठपुरावा त्यावर होतो.

कुठल्याही दारात गेलात तरी एक पथ्य पाळा : तक्रारीत 'मी समलिंगी आहे' असं लिहिण्याची गरज नसते. समोरच्यानं काय केलं, काय म्हटलं, कुठे, कधी, कुणासमोर, एवढं लिहा. 'माझ्या लैंगिक कलाबद्दल शेरे मारले' या वाक्यात तुमचा कल काय हे येत नाही. छळ नुसत्या संशयावरून झाला तरी तो छळच, आणि तो सिद्ध करायला तुम्हाला स्वतःची ओळख उघड करावी लागत नाही.

दुसरं दार अंतर्गत तक्रार समितीचं. अंगचटीला येणं, नको ते स्पर्श, अश्लील मेसेज, मार्कांच्या बदल्यात मागणी हे तिच्या कक्षेत येतं. आयोगाच्या २०१५ च्या नियमावलीच्या नावात 'महिला' शब्द आहे, म्हणून मुलाची किंवा ट्रान्स विद्यार्थ्याची तक्रार घ्यायला समितीच कचरते. अशा वेळी नियम ३ दाखवायचा. त्यात सर्व लिंगांच्या कर्मचारी-विद्यार्थ्यांवरील हिंसेविरुद्ध ठाम कारवाई करण्याचं बंधन आहे आणि पुरुष विद्यार्थी व तृतीयपंथी विद्यार्थी यांचा नावानिशी उल्लेख आहे. तक्रारीच्या पद्धतीतही शब्द 'पीडित व्यक्ती' असाच आहे. या पानाची छापील प्रत सोबत नेली की वाद लवकर मिटतो.

घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. प्रत सात दिवसांत समोरच्याला जाते, त्यानं दहा दिवसांत उत्तर द्यायचं आणि चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. तक्रारीत विद्यार्थी गुंतलेले असतील तर समितीत तीन विद्यार्थी प्रतिनिधी असावेत असा नियम आहे. लहान महाविद्यालयात तुमच्याच वर्गातली कुणी प्रतिनिधी असणं अगदी शक्य आहे, तेव्हा सदस्यांची यादी आधी वाचा. कुणावर आक्षेप असेल तर तो तक्रारीसोबतच लेखी द्या. चौकशी सुरू असताना वर्ग किंवा हॉस्टेलची खोली बदलून मागता येते, रजा मागता येते. हे आपणहून कुणी सुचवत नाही. तक्रारीच्या शेवटच्या परिच्छेदात स्वतःच मागा.

पुरुष विद्यार्थ्यांसाठी हे दार आता जास्तच महत्त्वाचं झालं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेच्या कलम ३७७ सारखी, पुरुषावरच्या बळजबरीलाही लागणारी तरतूदच नाही, आणि बलात्काराचं कलम स्त्रीवरच्या अत्याचारापुरतं आहे. म्हणजे सज्ञान मुलावर बळजबरी झाली तर पोलिसांकडे मारहाण, डांबून ठेवणं, धमकी अशी कलमं तेवढी उरतात. ही उघड पोकळी आहे. ती भरेपर्यंत निदान कॉलेजातली चौकशी तरी नीट व्हायला हवी.

तिसरं दार ट्रान्स विद्यार्थ्यांपुरतं. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्याच्या कलम ११ नुसार प्रत्येक आस्थापनेत एक तक्रार अधिकारी नेमायचा असतो. २०२० च्या नियमांप्रमाणे त्यानं पंधरा दिवसांत चौकशी करायची आणि संस्थाप्रमुखानं अहवालावर पुढच्या पंधरा दिवसांत कारवाई. बऱ्याच महाविद्यालयांत हा अधिकारी कागदावरही नसतो. शोधायचा सोपा उपाय म्हणजे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज : 'तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९ च्या कलम ११ अन्वये नेमलेल्या तक्रार अधिकाऱ्याचे नाव, पदनाम व नेमणुकीच्या आदेशाची प्रत द्यावी.' उत्तराची मुदत तीस दिवस. अर्ज मित्राच्या किंवा एखाद्या संस्थेच्या कार्यकर्त्याच्या नावानं करा, तुमचं नाव कुठेच येत नाही. असा अर्ज पोहोचला की महिन्याभरात नेमणूक होते, असाही अनुभव येतो. विनाअनुदानित खासगी संस्थेला हा अर्ज थेट लागेलच असं नाही, तिथे संलग्न विद्यापीठाकडे अर्ज करून संस्थेबद्दलची माहिती मागायची.

डेटिंग ॲपवरून भेटायला बोलावून पैसे उकळणाऱ्या टोळ्यांचं सावज हॉस्टेलमधला विद्यार्थीच असतो, कारण 'घरी सांगू' एवढी धमकी पुरते. पैसे देऊन हे थांबत नाही, आकडा वाढतो. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० ला फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. चॅट उडवू नका. स्क्रीनशॉटमध्ये सेव्ह केलेलं नाव दिसता कामा नये, नंबर किंवा प्रोफाइलचं नाव आणि तारीख दिसायला हवी. यूपीआयचा व्यवहार क्रमांक वेगळा लिहून ठेवा. पोलिसांत खंडणीचं कलम म्हणजे न्याय संहितेचं ३०८. तुम्ही त्याला का भेटलात, हे खंडणीच्या गुन्ह्यात गौण आहे. सज्ञान व्यक्तींमधले खासगी संमतीचे संबंध सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालापासून गुन्हा नाहीत. कार्यकर्ता किंवा वकील सोबत असला तर हवालदाराचा सूर बदलतो. हे असं असायला नको, पण आहे.

नाव आणि कागदपत्रं

ट्रान्स विद्यार्थ्याचा रोजचा छळ हजेरीपासून सुरू होतो. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की बरंच काम सोपं होतं. हजेरीपट, वर्गातली हाक, ग्रंथालयाचं कार्ड, मूडल या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीवरचं नाव यांना कुठलंही सरकारी प्रमाणपत्र लागत नाही. प्राचार्यांच्या एका परिपत्रकावर ते होतं. पदवी, गुणपत्रिका, परीक्षेचं हॉल तिकीट यांना मात्र कायदेशीर बदल लागतो. पहिल्या गोष्टीसाठी दुसऱ्याची अट घालणं ही निव्वळ टोलवाटोलवी. मात्र हजेरीपटावर नवं नाव आलं की घरी जाणाऱ्या गैरहजेरीच्या मेसेजमध्ये कुठलं नाव जातं, हे संगणक विभागाला आधी विचारा. ही चूक अनेक ठिकाणी होते, कारण दोन्हींचा डेटा एकाच तक्त्यातून येतो.

कायदेशीर बदलाची २०२० च्या नियमांनी घालून दिलेली मूळ पद्धत अशी होती : तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज, सोबत स्वतःच्या लिंगभावाचं प्रतिज्ञापत्र, आणि जिल्हाधिकाऱ्यांकडून तीस दिवसांत ओळख प्रमाणपत्र व ओळखपत्र. शस्त्रक्रियेनंतर स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असेल तर वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून सुधारित प्रमाणपत्राचा वेगळा अर्ज. कायदा आणि नियम बदलत असतात, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवरची चालू नियमावली उघडून वाचाच. आपल्याकडे अर्जाचं प्रत्यक्ष काम जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात होतं. अर्ज अडकला तर तिथे जायचं.

अर्ज भरण्याआधी आधारचा मोबाइल नंबर स्वतःचा करून घ्या. ओटीपी वडिलांच्या फोनवर गेला की पुढचं सगळं तिथेच थांबतं. आधार सेवा केंद्रात बोटाच्या ठशावर हा बदल होतो, जुना फोन लागत नाही. पत्ताही बघा : प्रमाणपत्र टपालानं घरी येऊ नये म्हणून पोर्टलवरून ते उतरवून घ्या.

पुढचा क्रम माझ्या मते असा असावा : ओळख प्रमाणपत्र, मग आधार, मग पॅन, मग बँक, आणि शेवटी महाविद्यालय व विद्यापीठ. क्रम उलटा झाला की महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती अडकते. तिथे आधार, बँक खातं आणि प्रवेशाची नोंद यांतलं नाव जुळावं लागतं आणि एक अक्षर वेगळं असलं तरी पैसे परत जातात. शिष्यवृत्तीचा हप्ता यायचा असेल तर तो जमा होईपर्यंत बँकेतल्या नावाला हात लावू नका. दहावी-बारावीच्या मंडळाकडे सर्वांत जास्त फेऱ्या पडतात. 'शाळा सोडल्यावर नाव बदलत नाही' हे तिथलं ठरलेलं उत्तर. त्यावर २०१९ च्या कायद्याचं कलम ७ आणि २०२० च्या नियमांना जोडलेली कागदपत्रांची यादी दाखवायची. त्या यादीत शैक्षणिक प्रमाणपत्रं आहेत आणि बदलाला मुदत पंधरा दिवसांची आहे. नकार आला तर तो लेखी मागा. तोंडी नकारावर अपील करता येत नाही.

राजपत्रात नाव बदलण्याचा मार्ग बरेच जण सोपा म्हणून आधी धरतात. सोपा आहेच, पण महाराष्ट्र शासन राजपत्रात जुनं आणि नवं नाव शेजारी-शेजारी छापलं जातं आणि ते कुणालाही वाचता येतं. कायमचं. घरी अजून सांगितलं नसेल तर याचा विचार आधी करा.

परीक्षेच्या हॉलवर हॉल तिकिटावरचा फोटो आणि समोरची व्यक्ती जुळत नाही म्हणून अडवणूक होते. परीक्षेच्या पंधरा दिवस आधी परीक्षा नियंत्रकांना पत्र द्या, त्याची पोच आणि प्रमाणपत्राची प्रत परीक्षेच्या दिवशी खिशात ठेवा. केंद्र दुसऱ्या महाविद्यालयात असेल तर पत्राची प्रत त्या केंद्रप्रमुखालाही.

स्वच्छतागृहाचा प्रश्न उगाच अवघड करून ठेवला आहे. बहुतेक इमारतींत दिव्यांगांसाठीचं एक स्वतंत्र, आतून कडी असलेलं स्वच्छतागृह असतं. पाटी बदलली आणि कुलूप काढलं की काम झालं. खरी अडचण किल्लीची : ती शिपायाकडे असते आणि दर वेळी मागायला जाणं म्हणजे दर वेळी ओळख सांगणं. हॉस्टेलची सोय मात्र खरोखर खर्चाची आणि वेळेची आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं लिंगनिरपेक्ष हॉस्टेलची सोय केली, हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठानं २०२२ मध्ये हॉस्टेलचा एक मजला तसा ठेवला. आपल्या महाविद्यालयात मागणी करताना ही दोन उदाहरणं पत्रात घाला.

गट काढायचा असेल तर

आयआयटी मुंबईतला 'साथी' हा गट बऱ्याच जणांना आदर्श वाटतो. पण संलग्न महाविद्यालयात तसाच गट काढायला गेलं की पहिल्याच आठवड्यात अडतं, कारण नोंदणीसाठी सदस्यांची यादी मागतात. यादी द्यायची नाही. महिला विकास कक्ष, राष्ट्रीय सेवा योजना किंवा विद्यार्थी विकास विभाग यांपैकी एखाद्या चालू छत्राखाली काम सुरू करा. मग कागदावर एक समन्वयक प्राध्यापक पुरतो आणि बाकी कुणाचं नाव लागत नाही.

व्हॉट्सॲप गटात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, म्हणून चॅनेल काढा, तिथे सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. गुगल फॉर्म वापरलात तर ईमेल गोळा करण्याची सोय बंद आहे ना हे तपासा. महाविद्यालयाच्या खात्यावरून काढलेल्या फॉर्ममध्ये ती आपोआप चालू असू शकते.

आणि नॅक, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था. तिच्यासाठी प्रत्येक कार्यक्रमाचा पुरावा म्हणून जिओटॅग केलेले फोटो आणि सह्यांचा हजेरीपट लागतो, हे प्राध्यापकांच्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं की भेटीच्या मधोमध कुणीतरी मोबाइल वर काढतंच. ते फोटो अहवालात जातात, अहवाल संकेतस्थळावर चढतो. कार्यक्रम सुरू होण्याआधीच समन्वयकाशी ठरवून घ्या : फोटो फक्त फलकाचा आणि वक्त्याचा, हॉल रिकामा असताना. हजेरीपटावर सह्यांऐवजी एकूण संख्या आणि समन्वयकाची सही. हे चालतं का, असं विचारत बसू नका. आयक्यूएसीच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयकाला असाच अहवाल द्या.

पहिली भेट खुल्या विषयावर ठेवावी. कायदा, मानसिक आरोग्य, अगदी एखादं पुस्तकही चालेल. 'एलजीबीटीक्यू विद्यार्थ्यांची बैठक' अशी सूचना फलकावर लावली की दाराबाहेर बघे जमतात आणि ज्यांच्यासाठी बैठक आहे ते लांबूनच परततात.

घरी कळलंच तर

एवढं करूनही कधी कळतं. तेव्हा तीन गोष्टी हाताशी लागतात : मूळ कागदपत्रं, स्वतःचं बँक खातं आणि रात्र काढायला जागा.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, अधिवास, आधार हे सगळं डिजिलॉकरमध्ये किंवा स्कॅन करून ठेवाच. मूळ प्रती सुट्टीत घरी नेऊ नका. महाविद्यालयानं मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायची नाहीत, हे विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. फी थकली म्हणून ती अडवत असतील तर त्या अधिसूचनेचा आधार घ्या. बँक खातं नवीन, वेगळ्या बँकेत काढा. लहानपणी काढलेलं खातं पालकांसोबत जोडलेलं असतं आणि त्यातून एका दिवसात पैसे काढले जाऊ शकतात.

राहायला जागा म्हणजे गरिमा गृह, पण ते ट्रान्स व्यक्तींसाठी आहे, समलिंगी मुलाला तिथे प्रवेश नाही. मुलींसाठी सखी वन स्टॉप सेंटर आणि १८१ हा क्रमांक आहे. घरात मारहाण किंवा डांबून ठेवणं झालं तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा माहेरच्या माणसांविरुद्धही वापरता येतो, नवराच असावा लागत नाही. मुलांसाठी तशी सरकारी सोय नाही. शहरातली संस्था आणि एखादा धीराचा मित्र यांच्यावरच भिस्त.

आईवडिलांना समजून घ्यायचं असेल, पण मुलाशी बोलताना शब्द फुटत नसतील, तर त्यांना 'स्वीकार' या पालकांच्या गटाशी जोडून द्या. २०१७ पासून हे पालकच दुसऱ्या पालकांशी बोलतात. चाळीस-पन्नाशीतल्या माणसाला विशीतल्या कार्यकर्त्यापेक्षा समवयस्काचं लवकर पटतं.

सज्ञान मुलगी मैत्रिणीसोबत राहायला गेली की घरचे पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करतात आणि पोलीस तिला 'शोधून' घरी पोहोचवतात, हा नेहमीचा प्रकार. म्हणून निघण्याच्याच दिवशी पत्र पाठवायचं : एक प्रत घराजवळच्या पोलीस ठाण्याला, एक जिथे राहणार तिथल्या ठाण्याला. ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्ही. पत्रात नाव, जन्मतारीख, वयाचा पुरावा आणि 'मी सज्ञान असून स्वतःच्या मर्जीने घर सोडले आहे, माझ्यावर कोणाचा दबाव नाही, माझा पत्ता घरच्यांना देऊ नये' एवढं पुरे. कुणासोबत राहते आणि का, हे लिहू नये. सर्वोच्च न्यायालयानं ११ मार्च २०२४ च्या देवू जी. नायर निकालात अशा प्रकरणांत न्यायालयांनी व्यक्तीची स्वतःची इच्छा जाणून घ्यावी आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचा कल बदलू पाहू नये, असं बजावलं आहे. पोलिसांनी बोलावलंच तर एकटं जायचं नाही, वकील नसेल तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाकडे मागायचा, आणि जबाब नोंदवला की वाचून मगच सही करायची.